मनोविकल प्रौढांचे पालकत्व

मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ बेशुद्धी यांमुळे स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याची अथवा तिला निर्णय घेण्यास साहाय्य करण्याची विधिव्यवस्था. भारतात तिचा आरंभ मालमत्तेच्या रक्षणातून झाला. व्यक्तीच्या इच्छेला तीत पुष्कळ उशिरा स्थान मिळाले.

१८५८ मध्ये संमत झालेल्या तीन अधिनियमांपैकी दोन न्यायालयीन चौकशीविषयी, तर तिसरा वेड्यांच्या इस्पितळांविषयी होता. १९१२ च्या लूनसी अधिनियमाने या तरतुदी एकत्र केल्या. मालमत्ताधारक व्यक्ती वेडी असल्याचा अर्ज आल्यास जिल्हा न्यायालय चौकशी करी आणि तिच्या देखभालीसाठी पालक, तर मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमी. वारसास देखभालीचा पालक नेमण्यावर निर्बंध असे. तथापि वेडी ठरलेल्या व्यक्तीचे मत विचारण्याचे बंधन नव्हते. वस्तुतः क्षमता कायमची नष्ट होतेच असे नाही, हे तत्त्व १८७२ च्या संविदा अधिनियमाने मान्य केले होते : एरवी विकल असलेली व्यक्ती मन स्वस्थ असेल त्या काळात करार करू शकते. पालकत्वाच्या विधीत मात्र ते उतरले नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १९९३) परिभाषा बदलली. चौकट तीच राहिली.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये स्वमग्नता, प्रमस्तिष्क घात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक समितीस मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या संहितेने अपंग व्यक्तींची विधिक्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली. भारताने २००७ मध्ये तिला अनुसमर्थन दिले. तदनुसार २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने मर्यादित पालकत्व आणले. त्यात विशिष्ट निर्णयापुरता व ठराविक मुदतीचा पालक संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेनुसार वागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचारांविषयी आगाऊ निदेश देण्याचा व प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला.

याच अधिनियमाने १९८७ चा अधिनियम निरसित झाला. परंतु त्यातील मिळकतव्यवस्थेच्या तरतुदींना पर्याय दिला गेला नाही. त्यामुळे दीर्घ बेशुद्धीतील रुग्णांच्या कुटुंबीयांना बँकेतील ठेव उपचारासाठी काढण्याकरिताही उच्च न्यायालयात जावे लागले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इच्छेचा आदर राखणारा विधी इच्छा व्यक्तच करता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत असा अपुरा पडतो.