वालधुनीच्या उगमाशी असलेलं रेल्वेचं तळं

विठ्ठलवाडी स्टेशनजवळून जे काळं पाणी वाहतं, त्याला आपण सगळेच सरसकट 'नाला' म्हणतो. तुम्हीही म्हणत असाल. पण ती वालधुनी नदी आहे. अंबरनाथजवळच्या काकोळे गावाच्या डोंगरात ती उगम पावते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिच्या उगमाकडच्या भागात एक छोटं धरण आहे. गावावरून त्याला काकोळे तलाव म्हणतात, पण जुनं आणि जास्त चालणारं नाव आहे 'जीआयपी टँक'. माझा अभ्यास छोट्या जलाशयांचा, त्यामुळे आज याच तळ्याबद्दल लिहितोय.

आधी नाव बघू. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ही मुळात खासगी कंपनी. 1849 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती स्थापन झाली. भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, आणि त्यावर पाच टक्के परताव्याची हमी इथल्या सरकारची. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले. 1900 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी कारभार 1925 पर्यंत कंपनीकडेच होता. 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली आणि जीआयपी हे नाव पाट्यांवरून गेलं. या तळ्याला मात्र ते अजून चिकटून आहे.

आता प्रश्न असा, की रेल्वेला तळं कशाला लागतं? उत्तर तुमच्या घरच्या गिझरमध्ये आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली जमलेली पाहिली असेल. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापवल्यावर बाहेर पडतात, त्याची ती खपली. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे अवाढव्य गिझरच. त्यात खपली जमली की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. मग कोळसा जास्त जळतो, नळ्या प्रमाणाबाहेर तापतात, आणि प्रकरण धोक्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून इंजिनाला 'मऊ' पाणी हवं. डोंगरउतारावरून थेट वाहून आलेलं पावसाचं पाणी खडकात फार काळ मुरलेलं नसतं, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. कल्याणहून पुढे एक फाटा बोरघाटाकडे जातो आणि दुसरा थळघाटाकडे. म्हणजे या पट्ट्यात इंजिनांची तहान केवढी असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ती भागवण्यासाठी रेल्वेने हे पाणी अडवलं.

पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण तळ्याचा आकार त्यांच्या सोयीचा ठरला. अशा तळ्यात बांधाजवळ पाणी खोल असतं आणि डोंगराकडच्या शेपटीत उथळ. पावसाचं पाणी गाळ घेऊन येतं आणि तो बराचसा शेपटीतच बसतो. दिवाळीनंतर पाणी मागे सरकू लागलं की तिथे चिखल उघडा पडतो. त्यात किडे, गोगलगायी, अळ्या असतात. मग चिखलात बगळे, खोल भागात पाणकावळे आणि काठच्या फांदीवर खंड्या, अशी वाटणी आपोआप होते. नैसर्गिक सरोवरं आपल्या कोकणपट्टीत तशी कमीच, त्यामुळे माणसाने बांधलेली अशी छोटी तळीच उन्हाळ्यात पक्ष्यांना तारतात.

पुढे 1929-30 च्या सुमारास कल्याणपलीकडे दोन्ही घाटांच्या दिशेने विजेची इंजिनं धावू लागली. काही दशकांत वाफ संपलीच. काम संपलेल्या तळ्यांचं आपल्याकडे काय होतं हे वेगळं सांगायला नको. आधी राडारोडा पडतो, मग झोपड्या येतात, मग प्लॉट. इथे तसं झालं नाही. तळं रेल्वेकडेच राहिलं आणि 2014 मध्ये अंबरनाथला 'रेल नीर'चा कारखाना सुरू झाल्यावर या पाण्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. पूर्वी जे पाणी इंजिन प्यायचं, ते आता शुद्ध होऊन बाटलीतून प्रवासी पितो.

याच 2014 च्या अखेरीस खाली उल्हासनगरात एका टँकरने वालधुनीत रसायन ओतलं आणि शेकडो लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. नदी तीच आणि वर्षही तेच! ज्या नदीकाठी 1060 मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, तिच्या काठी फाळणीनंतर निर्वासितांची छावणी वसली, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, कारखाने आले. पण खालचं पाणी पिणारं कुणी उरलं नाही. माझ्या मते वरच्या आणि खालच्या वालधुनीतला मुख्य फरक हाच आहे. वर पाण्याला मालक होता आणि त्याला ते पाणी स्वच्छच हवं होतं. खाली नदी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही.

यावरून 'खासगी मालकी चांगली' असा निष्कर्ष मात्र काढू नका. मालकाने तळं राखलं ते स्वतःच्या गरजेपुरतं. अडवलेलं पाणी खाली विठ्ठलवाडीपर्यंत यावं, ही त्याची गरज कधीच नव्हती. आणि गरज बदलली की राखणही संपते. बगळ्यांच्या बाजूने बोलणारा कागद लागतो तो तेव्हा.

तो कागद कच्चा आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. मग इंजिनांसाठी बांधलेलं आणि आज बाटल्या भरणारं तळं कशात मोजायचं? माझं म्हणणं असं, की ते कशासाठी बांधलं हे धरावं, म्हणजे ते वगळलेल्या यादीत बसत नाही. हा वाद तळं भरलेलं असताना, पक्षी येत असताना मिटवलेला बरा. प्लॉट पडल्यावर इतिहास सांगून काही उपयोग नाही.