केळीच्या पानाची मलमपट्टी
केळीच्या पानाची मलमपट्टी ही प्रामुख्याने भाजलेल्या जखमांसाठी वापरली जाणारी, न चिकटणारी मलमपट्टी आहे. साधे गॉज स्राव सुकल्यावर जखमेला घट्ट चिकटते. ते काढताना नव्याने आलेली नाजूक त्वचा सोलली जाते, रक्त येते व रुग्णास असह्य वेदना होतात. व्हॅसलीन गॉज हा त्यावरील रूढ उपाय होय. केळीच्या पानाचा पृष्ठभाग मात्र मुळातच मेणचट असतो. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या शल्यचिकित्सक माधुरी गोरे यांनी या पट्टीचा अभ्यास केला. पाने कापडी पट्टीवर चिकटवून ती वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली जातात; झाडावरून तोडलेले पान तसेच जखमेवर ठेवणे घातक ठरू शकते. २००३ साली 'बर्न्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रोपणासाठी त्वचा काढलेल्या जागी ही पट्टी बदलताना व्हॅसलीन गॉजपेक्षा कमी वेदना झाल्या.