बिअरच्या कारखान्यातला ‘स्टुडंट’

नवीन औषध जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे की हा नुसता योगायोग, हे ठरवायला आम्ही डॉक्टर एक गणिती कसोटी वापरतो. ती एका बिअरच्या कारखान्यातून आली आहे. (म्हणून बिअर औषधी ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो!)

डब्लिनच्या गिनेस कंपनीत 1899 साली विल्यम गॉसेट हा ऑक्सफर्डला शिकलेला तरुण नोकरीला लागला. बार्लीचं कोणतं वाण चांगलं, माल्टचा दर्जा कसा ओळखायचा, असे त्याच्यापुढचे प्रश्न. बार्लीचं पीक वर्षातून एकदा, त्यामुळे हाताशी नमुने मोजकेच. त्या काळचं संख्याशास्त्र मात्र शेकडो-हजारो नोंदींवर चालायचं. चार नमुन्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवायचा तरी किती?

1906 मध्ये कंपनीने त्याला लंडनला कार्ल पिअरसन यांच्याकडे शिकायला पाठवलं. तिशीतला हा विद्यार्थी याच प्रश्नामागे लागला. त्याने 3000 गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहिली, कार्डं पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे 750 गट पाडून आपलं गणित ताडून पाहिलं. कॉम्प्युटर नव्हता, हे लक्षात घ्या.

1908 साली शोधनिबंध छापून आला. स्वतःच्या नावाने लिहायची कंपनीची परवानगी नव्हती, म्हणून लेखकाचं नाव ‘स्टुडंट’. आजही ती ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’च. विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली टेस्ट असावी, असं पुष्कळांना वाटतं!

गंमत म्हणजे त्या निबंधातलं पहिलं उदाहरण बार्लीचं नाही, झोपेच्या औषधांचं आहे. रुग्ण फक्त 10, प्रत्येकाला दोन्ही औषधं आळीपाळीने दिलेली. पहिल्याने झोप सरासरी 0.75 तास वाढली, दुसऱ्याने 2.33 तास. पहिल्या औषधावर चौघांची झोप उलट कमी झाली होती. तरी प्रत्येक रुग्णाची त्याच्याशीच तुलना केल्यावर दुसरं औषध सरस असण्याची शक्यता 666 ला 1 निघाली. म्हणजे दहा रुग्णांवरूनही काही ठामपणे सांगता येतं, पण त्यासाठी प्रत्येकाला किती फरक पडला आणि तो कशाच्या तुलनेत, हे नोंदलेलं हवं. ‘दहापैकी नऊ जणांना गुण आला’ असे जे मेसेज तुम्ही मला दाखवता, त्यात या दोन्ही गोष्टी नसतात.