साधे काळ, इंग्रजी भाषेतील
शालेय व्याकरणांत इंग्रजीचे साधे काळ सर्रास तीन मानले जात असले, तरी क्रियापदाच्या रूपविकाराने सिद्ध होणारे काळ वस्तुतः दोनच, वर्तमान व भूत. भविष्याचा कारभार ‘शॅल’ व ‘विल’ या साहाय्यक क्रियापदांकडे असून, प्रथमपुरुषी ‘शॅल’ व अन्यत्र ‘विल’ हा व्याकरणकार जॉन वॉलिसने १६५३ मध्ये नमूद केलेला दंडक आता व्यवहारात बहुतांशी बाद झाला आहे. साध्या वर्तमानाचे नाव मात्र फसवे : ‘शी राइट्स’ म्हणजे ती या क्षणी लिहीत आहे असे नव्हे, तर लेखन हा तिचा परिपाठ आहे; मराठीतील ‘ती लिहिते’ प्रसंगी दोन्ही अर्थ वाहत असल्याने मराठी विद्यार्थी नेमका येथेच घोटाळतो. नियमित भूतकाळी प्रत्यय लेखनात एकच, उच्चारात मात्र ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटिड’ असा त्रिविध आढळतो.