उलट्या पावलांचं गणित

एक संख्या मनात धरा. तिला ३ ने गुणा. जो गुणाकार येईल, त्यात त्याचाच ३/४ भाग मिळवा. मग ७ ने भागा. आलेल्या उत्तरातून त्याचाच १/३ भाग वजा करा. उरेल त्याचा वर्ग करा, त्यातून ५२ वजा करा, वर्गमूळ काढा, ८ मिळवा आणि १० ने भागा. उत्तर आलं २. तर मनातली संख्या कोणती?

हा नोकरीच्या मुलाखतीतला प्रश्न वाटेल, पण हे उदाहरण पावणेनऊशे वर्षांपूर्वीचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. त्यात हे उदाहरण आहे. कोड्याचं उत्तर पुढे येईलच. त्याआधी हा माणूस कुठला, ते बघू.

आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हे विज्जडविड म्हणजे आजचं कोणतं गाव, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बिदर, कुणी चाळीसगावजवळचं पाटण, आणि कुणी आपलं बीड. ‘विड’ आणि ‘बीड’ हे शब्द शेजारी ठेवले की हा दावा का झाला असेल, ते लगेच कळतं. पण जन्मगावाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. गेवराईत किंवा केजमध्ये बसून मोबाइलवर पायथन शिकणाऱ्या मुलीला त्यांचा जन्मदाखला नको आहे. त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र तिच्या कामाची आहे.

ही पद्धत सुरू कुठून होते, ते बघा. ‘लीलावती’च्या आरंभी मंगलाचरण झालं की आधी येतात मापं. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. मग वजनं, लांबी, धान्याची मापं. त्यानंतर संख्यांची स्थानं. मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ या आठ क्रिया. व्यापाराची, व्याजाची, सावलीची उदाहरणं पुढे. आधी काय मोजतोय ते ठरवा, मगच मोजा.

कोड शिकायला बसलेला नवखा नेमका इथेच घसरतो. तो वापरणाऱ्याकडून वय विचारतो, ‘१८’ असं उत्तर येतं, त्यात १ मिळवायला जातो आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात. कारण पायथनला मिळालेलं ‘१८’ हा मजकूर होता, संख्या नव्हती. कवड्यांत निष्क मिळवल्यासारखंच झालं. चूक गणिताची नसते, मापाची असते.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. कोवळ्या वयाच्या लीलावतीला हाक मारून भास्कराचार्य विचारतात, १३५ ला १२ ने गुणलं तर किती? उत्तर १६२०. दुसरीतिसरीतलं गणित. पण ते उत्तरावर थांबत नाहीत, रीती सांगत जातात. थेट गुणा. नाहीतर १२ चे ८ आणि ४ असे तुकडे पाडा: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. किंवा १२ म्हणजे ३ गुणिले ४: आधी ४०५, मग १६२०. किंवा स्थानांप्रमाणे १० आणि २: १३५० आणि २७०. किंवा सोयीची संख्या घ्या, २० ने गुणून ८ पट वजा करा: २७०० वजा १०८०. वाटा पाच, मुक्काम एक.

पाठांतर आणि विचार यांतला फरक इथे दिसतो. एक वाट पाठ असलेला तिथे अडला की अडला. पाच वाटा समजलेल्याला कळतं की मोठं काम फोडता येतं, तुकडे वेगवेगळे सोडवून पुन्हा जोडता येतात, आणि एका वाटेचं उत्तर दुसऱ्या वाटेने तपासता येतं. प्रोग्रामर ज्याला फंक्शन पाडणं आणि टेस्ट करणं म्हणतात, त्याचा पाया एवढाच आहे.

यावरून भास्कराचार्यांनी कॉम्प्युटर शोधला होता, असं कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. पायरीपायरीने गणित सोडवण्याची रीत अनेक संस्कृतींत होती. ‘अल्गोरिदम’ हा शब्दच नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्याच्या अंकगणितात हिंदू अंकांनी हिशेब कसा करायचा ते सांगितलं होतं. अंक इकडून तिकडे गेले आणि शब्द तिकडून जगभर पसरला.

आता कोड्याकडे. अंदाजाने संख्या टाकून बघत बसलात तर वेळ जाईल. लीलावतीतली रीत आहे विलोमविधी, म्हणजे उलटा प्रवास. शेवटापासून निघायचं. भागलं होतं तिथे गुणायचं, मिळवलं होतं तिथे वजा करायचं, वर्ग केला होता तिथे मूळ काढायचं.

२ ला १० ने गुणलं, २०. त्यातून ८ गेले, १२. वर्ग १४४. त्यात ५२ मिळवले, १९६. वर्गमूळ १४.

इथे खड्डा आहे. याआधीच्या पायरीत १/३ भाग वजा केला होता. मग आता १४ चा १/३ मिळवायचा? तसं केलंत तर १८ पूर्णांक २/३ येतात आणि पुढचं सगळं बिघडतं. कारण वजा झालेला तिसरा हिस्सा १४ चा नव्हता, आधीच्या मोठ्या संख्येचा होता. तिचे तीन भाग होते, एक गेला, दोन उरले, आणि ते दोन भाग म्हणजे १४. एक भाग ७ चा. म्हणून १४ चा निम्मा मिळवायचा. संख्या २१.

भास्कराचार्यांना हा खड्डा माहीत होता. विलोमविधीच्या नियमातच त्यांनी स्वतःच्या अंशाची गोष्ट वेगळी काढून सांगितलीय. भाग वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करून नवा छेद घ्या. मिळवला असेल तर छेदात अंश मिळवा. अंश तसाच ठेवा. म्हणून १/३ चा झाला १/२, आणि पुढे ३/४ चा होईल ३/७. २१ ला ७ ने गुणलं, १४७. त्यातून त्याचा ३/७ म्हणजे ६३ गेले, ८४. ३ ने भागलं, २८. मनातली संख्या २८. आता सुलट जाऊन तपासा, शेवटी २ च येतील.

कोडमधली चूक शोधताना अगदी हेच करावं लागतं. चुकीचं उत्तर हातात धरायचं आणि एकेक पायरी मागे जात विचारायचं, इथे किती होते, कशाचे होते?

‘कशाचे’ हा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते बीडमध्ये समजावून सांगावं लागत नाही. इथून दर हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचं सगळं गणित उचलीवर चालतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल, आणि तोडलेल्या टनांतून ती फेडायची. समजा, एका कोयत्याची उचल एक तृतीयांश फिटली आणि ७०,००० रुपये उरले. फिटले किती? घाईत कुणी ७०,००० चा तिसरा हिस्सा काढून वहीत २३,३३३ लिहिले, तर चूक झाली. मूळ उचल १,०५,००० होती आणि फिटले ३५,०००. अख्ख्या कुटुंबाच्या घामाचे ११,६६७ रुपये एका चुकलेल्या पायरीत गेले. हीच पायरी उद्या कुणी ॲपमध्ये लिहिली, तर ती हजार कोयत्यांच्या हिशेबात तितक्याच बिनचूकपणे चुकत राहील. यंत्राला शंका येत नाही. शंका माणसाने घ्यायची असते.

हे ज्ञान पुढे टिकवलं कुणी आणि त्याचा खर्च कुणी केला? भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ उभा राहिला, आणि १२०७ च्या सुमारास त्याला दानं मिळाली. तसा शिलालेखच तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातला वंशाच्या आणि विद्येच्या गौरवाचा भाग संस्कृतात आहे. दानाचा भाग मात्र जुन्या मराठीत: बाजारात विकायला आलेल्या मालावरचा राजाचा कर मठाला, गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल.

विद्या संस्कृतात, वर्गणी मराठीत. घाणेवाल्याला आपण किती तेल द्यायचं ते त्याच्या भाषेत कोरून सांगितलं होतं. त्या मठात काय शिकवतात, ते त्याच्या भाषेत नव्हतं.

याच काळातली दुसरी गोष्ट बीड जिल्ह्याशी जोडलेली आहे. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे ११८८ चा सांगतात, आणि तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. वेदान्तासारखा अवघड विषय त्यांनी मराठीत आणला. अवघड गोष्ट आपल्या भाषेत मांडता येते, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आजचं चित्र फार वेगळं नाही. क्लासची फी मराठीत मागितली जाते, उसाच्या पैशांतून मोबाइल येतो, आणि कोड असतो इंग्रजीत. मग मुलं व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवतात किंवा एआयकडून लिहून घेतात. तो चालतोही. पण पायरी क्रमांक पाचमध्ये तिसरा हिस्सा कशाचा होता, हे विचारलं की गप्प होतात. यात मुलांची अक्कल कमी नाही. त्यांच्या भाषेत तो प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

पायथनचे इंग्रजी शब्द महिनाभरात सवयीचे होतात. पायऱ्यांना भाषा लागत नाही, किंवा कुठलीही चालते. म्हणून पुढचा प्रोग्राम लिहिण्याआधी एक कागद घ्या. काय मोजायचंय ते मराठीत लिहा, मग एकेका ओळीत एकेक पायरी. खालून वर उलटं चालत या आणि जिथे ‘भाग’ शब्द येईल तिथे थांबून विचारा, कशाचा? वर पोहोचल्यावर सुरुवातीची संख्या सापडली, तरच मोबाइल उघडा.