चोवीस मेणबत्त्यांचें चाक

नाताळ हा सण आपल्या वाचकांस परिचित आहे; परंतु त्यापूर्वींचा चार रविवारांचा आगमनकाळ तितका परिचित नाहीं. हा काळ प्रतीक्षेचा होय. उत्तर युरोपांत याच आठवड्यांत दिवस घटत जाऊन अत्यंत लहान होतो. त्यामुळें प्रकाशाची वाट पाहणें हा तेथें केवळ धर्मग्रंथांतला अलंकार राहत नाहीं. या प्रतीक्षेला दृश्य रूप कसें मिळालें, त्याची हकीकत उद्बोधक आहे.

योहान हिन्रिख विखेर्न हा १८०८ सालीं जर्मनींतील हांबुर्ग शहरीं जन्मला. पंधराव्या वर्षीं पितृछत्र हरपल्यामुळें त्यास शिकवण्या करून घरास हातभार लावावा लागला. पुढें धर्मशास्त्राचें अध्ययन आटोपून तो रविवारच्या शाळेंत शिकवूं लागला, तेव्हां गरीब वस्तींतील मुलांची दैना त्याच्या दृष्टीस पडली. १८३३ सालीं शहराबाहेर हॉर्न येथें एका जुन्या घरांत त्यानें अशा मुलांकरितां आश्रम काढला. तोच ‘राउहेस हाउस’. तेथें तट नव्हता, कड्याकुलुपें नव्हतीं. मुलें लहान लहान कुटुंबें करून राहत.

१८३९ च्या आगमनकाळीं विखेर्ननें गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या: चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, व इतर दिवसांच्या वीस लहान तांबड्या. दररोज एक अधिक पेटे. नाताळ किती दिवसांवर आला, असें मुलें सारखीं विचारीत, म्हणून ही युक्ति योजिली, असें सांगतात.

युक्ति वरवर पाहतां बालिश वाटेल. परंतु ज्यांच्या वांट्याला मोडलेलीं वचनेंच अधिक आलीं असतील, त्या मुलांस ‘धीर धरा’ हा कोरडा उपदेश काय कामाचा? त्यांस आशेचें मोजमाप हवें होतें, तें चाकानें दिलें. बाहेर दिवस घटत होता, आंत ज्योती वाढत होत्या. आणि उद्यां आणखी एक पेटेल, हें वचन रोज पाळलें जात होतें. चोवीस दिवस असें पाळलेलें वचन पंचविसाव्या दिवशीं शंकेला फारशी जागा ठेवीत नाहीं.

पुढें त्या चाकाची जागा हिरव्या डहाळ्यांच्या कड्यानें घेतली, मेणबत्त्या चारच उरल्या, आणि विसाव्या शतकांत ही प्रथा दूरदूर पसरली. आज असें कडें दुकानांत शोभेची वस्तु म्हणूनहि मिळतें. परंतु त्याचा उगम निराधार मुलांच्या आश्रमांतला आहे, हें विसरूं नये. निराधाराला प्रकाश थोडा असला तरी चालतो. तो नेमानें आला पाहिजे.