पुढचा खेळ कोणता? अनुमानाचा एक छोटा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला रोबोटशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी एक प्रश्न विचारतात, ‘पुढच्या वर्षीचा खेळ कोणता असेल?’ हा प्रश्न आपल्या न्यायशास्त्राच्या घरचा आहे.

आधी इतिहास बघू. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना. तिने २००२ साली टोकियोत रोबोकॉन ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली. आपल्याकडून यात दूरदर्शन आहे, आणि देशपातळीवरची फेरी बरीच वर्षं पुण्याला बालेवाडीत होत असे. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि खेळ तोच ठरवतो. पहिल्या वर्षी जपानने फुजी पर्वत घेतला. २००५ला बीजिंगने चीनची भिंत, २०१०ला कैरोने पिरॅमिड. २०२०चं यजमानपद फिजीकडे होतं. त्यांनी रग्बी सेव्हन्स निवडलं, कारण त्याच खेळात २०१६च्या ऑलिंपिकचं सुवर्ण त्यांच्याकडे आलेलं. (कोरोनामुळे ती स्पर्धा नेहमीसारखी झालीच नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता भारताचं बघा. २००८ला यजमानपद पुण्याला आलं, तेव्हा खेळ निघाला दहीहंडीचा. मडकी, लोणी, सगळं होतं. २०२२ला दिल्लीत निघाली लगोरी! आपण सात खापऱ्या रचायचो, तिथे पाच चकत्या होत्या. एका रोबोटने चेंडू मारून त्या पाडायच्या, दुसऱ्याने परत रचायच्या. म्हणजे आपल्या गल्लीत पोरं जे खेळत आली, तेच.

मग कोणीही म्हणेल, सोपं आहे की! यजमान कळला की खेळ कळला. न्यायशास्त्रात याला व्याप्ती म्हणतात. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, असा अतूट संबंध. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातले दोन आपल्या रोजच्या पाहण्यातले. बिंदुसरेला पूर आला की आपण म्हणतो, वर बालाघाटात पाऊस झालाय. कार्यावरून कारण, हे शेषवत्. आभाळ भरून आलं की म्हणतो, आता पडणार. कारणावरून कार्य, हे पूर्ववत्. यातलं पहिलं बहुधा खरं ठरतं. दुसऱ्याचा भरवसा काय, ते बीडच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

यजमानावरून खेळ ओळखणं हे दुसऱ्या जातीचं. २०१४ला यजमान पुन्हा पुणेच होतं. दहीहंडी होऊन गेलेली, म्हणून कोणी मल्लखांब म्हटलं असतं, कोणी विटीदांडू. खेळ आला आईबापांच्या ऋणाचा! मोठ्या रोबोटने लहान रोबोटला उचलून झोक्यावर, सी-सॉवर न्यायचं. देश तोच, शहर तेच, आणि खेळ कोणत्याही यादीत नसलेला.

त्याहून मोठा धडा २०१९चा. मंगोलियाने चंगीझ खानाच्या काळातली घोडेस्वारांची टपालव्यवस्था, म्हणजे उर्तू, निवडली. हे एखाद्याने ओळखलंही असतं. पण निरोप नेणारा दुसरा रोबोट चार पायांवर चालला पाहिजे, असा नियम आला. ‘रोबोट चाकावर धावतो’ ही व्याप्ती इतकी वर्षं टिकली, कारण पायांची अट कोणी घातली नव्हती. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. अग्नी असला की धूर असतोच असं नाही, लाकूड ओलं लागतं. ते ओलं लाकूड आधी दिसत नाही, हीच अडचण.

अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ या शाळकरी स्पर्धेत तर खेळ जानेवारीपर्यंत मुद्दाम गुप्त ठेवतात. तिथल्या पोरांचा जुना विनोद आहे, की यंदा पाण्याचा खेळ येणार. २०२५ला समुद्राचा विषय आला, प्रवाळ आले, शेवाळ आलं, पाणी काही आलं नाही. या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, १९९२ला, मैदानभर मक्याचे दाणे पसरलेले होते. मक्यावर चाक कसं घसरतं, हे आपल्या खळ्यावरच्या पोराला न शिकवता कळलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं. मोठ्या संस्थेचा अंदाज चुकला तर ती दुसरा सांगाडा बनवते. आपल्याकडच्या कॉलेजात वर्गणी काढून एकच सांगाडा उभा राहतो. अंदाजावर मोटारी घेतल्या आणि खेळ वेगळा निघाला, की त्या पोरांचं वर्ष गेलं. म्हणून खेळाच्या नावावर पैज लावण्यापेक्षा यादीतली नावं खोडून फक्त क्रियापदं ठेवा, असं मी म्हणेन: उचलणं, नेणं, फेकणं, रचणं. दहीहंडीत ती होती, लगोरीत होती. व्हिएतनामने २०१८ला नेम कॉन हा लोकखेळ आणला, त्यात फेकणं होतं. २०१५च्या इंडोनेशियाच्या बॅडमिंटनने मात्र टोलवणं आणलं, म्हणजे ही यादीही पुरती नाही.

तरी पकड, हात, फेकण्याची यंत्रणा यांवर आधी घातलेला पैसा सहसा वाया जात नाही. चाकं शेवटी घ्यावीत. नियमपत्रिका आली की आधी बघावं, रोबोटला कशावरून चालायचंय आणि कसं.